झोपेचीसुद्धा वही असते!

मैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात आपण कुरडयांच्या चिकाबद्दल बोललो आणि या आठवड्यात बटाट्याच्या किसाबद्दल लिहीन असं मी कबूल केलं होतं. पण मधेच आमच्या घरात अशी एक गोष्ट झाली, की किस राहिला बाजूला. आज मी चक्क ट्रकबद्दल लिहिणार आहे. हसू नका हं! ट्रकचा आणि आपल्या ओट्याचा काय संबंध, असं मलाही महिन्यापूर्वी वाटलं असतं. शेवटपर्यंत वाचा आणि मग सांगा.

आमची धाकटी नणंद २०१४ पासून ऑस्ट्रेलियात असते. क्वीन्सलँड राज्यात टुवूंबा म्हणून शहर आहे, तिथं. जावईबापू एका कारखान्यात हिशेब पाहतात, मुलगा नऊ वर्षांचा आहे. पहिली काही वर्षं ती घरीच होती, मग शाळेची बस चालवायला लागली. सासूबाईंनी ते कसंबसं गोड मानून घेतलं. "मुलांचीच गाडी आहे, पुण्याचं काम आहे," असं म्हणाल्या. पण पुढं तिनं रोड ट्रेनचं लायसन काढलं आणि आमच्या घरात वादळ झालं.

रोड ट्रेन म्हणजे रस्त्यावरची आगगाडीच, फक्त रूळ नाहीत. पुढं एक दांडगा ट्रक आणि त्याच्यामागं एकाला एक जोडलेले दोन किंवा तीन ट्रेलर. तीन ट्रेलरची गाडी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असू शकते. आपल्या चार एस.टी. गाड्या एकीमागं एक उभ्या केल्या तरी ही थोडी लांबच भरेल! भरल्या गाडीचं वजन शंभर टनांच्या वर जातं. नणंदेच्या गाडीला चाकं किती, ते तिनं मला मोजून सांगितलं. पुढच्या ट्रकला दहा, तिन्ही ट्रेलरना मिळून छत्तीस आणि मधल्या दोन जोडगाड्यांना सोळा. एकूण बासष्ट!

आम्ही साताऱ्यात राहतो. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर ट्रक म्हटला की खंबाटकी घाट येतो आणि घाटात कलंडलेल्या गाड्या येतात. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या गप्प झाल्या. फोन आला की "बरी आहेस ना? नातू काय करतो?" एवढं विचारायचं आणि फोन माझ्या हातात द्यायचा. सोसायटीत कुणी विचारलं तर सांगायचं, "मुलगी तिकडं वाहतूक खात्यात आहे." असं वर्ष-दीड वर्ष चाललं. पोरीचा आवाज ऐकायला जीव तळमळत असायचा, पण मन काही वळायचं नाही.

शेवटी एक दिवस ह्यांनी मला सांगितलं, "तू शिक्षिका आहेस, तुझं ती ऐकेल. तिला समजावून बघ, बसवरच राहा म्हणावं." आता समजावायचं तर आधी आपल्याला तरी काही माहीत हवं. म्हणून मी तिला नीट विचारायला लागले आणि थोडं वाचायलाही लागले. समजावायला गेले मी, आणि समजून आले मीच, असं झालं.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की हे काही कुणीही उठावं आणि करावं असं काम नाही. साध्या मोटारीचं लायसन दोन वर्षं बाळगल्यावर मोठ्या एकसंध गाडीचं मिळतं. ते किमान एक वर्ष वापरल्यावर या जोडगाडीच्या लायसनसाठी परीक्षा देता येते. तिथं त्याला मल्टि कॉम्बिनेशन लायसन म्हणतात. आपल्याकडं नवी सून आली की आधी चहा, मग वरणभात आणि मग कधीतरी सणाच्या पुरणाला हात लावू देतात ना, तसंच.

दुसरी गोष्ट, यात दांडगाई फार कमी आणि लक्ष फार जास्त. पहिला ट्रेलर ट्रकच्या पाठीवरच्या लोखंडी थाळीवर बसतो. दुसरा आणि तिसरा जोडायला मधे एकेक छोटी चाकांची जोडगाडी लागते, तिला डॉली म्हणतात. ट्रेलर जोडला की खटका बसल्याचा आवाज ऐकायचा, गाडी हळूच पुढं ओढून पक्कं बसलंय का पाहायचं, हवेच्या नळ्या आणि दिव्यांच्या तारा जोडायच्या, ट्रेलरचे पाय वर घ्यायचे. मग पूर्ण गाडीला फेरी मारून टायर ठोकून बघायचे. "वहिनी, आपण माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसा टायर बोलतो. हवा कमी असेल तर बद्द वाजतो," ती म्हणाली. ऐकून मला इतकी गंमत वाटली! बासष्ट माठ वाजवून बघायचे, तेही रोज!

रस्त्यावर तर आणखी सांभाळावं लागतं. हातातलं चाक जरासं हललं तरी ती हालचाल मागं जाता जाता वाढत जाते आणि शेवटचा ट्रेलर झोका घेतो. म्हणून झटका द्यायचा नाही, एकदम ब्रेक दाबायचा नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू आडवे येतात, गुरं येतात. आपल्याला वाटेल, गाडी बाजूला घ्यावी. पण ते कधीच करायचं नाही, कारण शंभर टन बाजूला घेतले की गाडी उलटलीच. गाडीच्या पुढं जाड लोखंडी कठडा असतो तो त्यासाठीच. तिला पहिल्या वेळी फार रडू आलं होतं. तीन ट्रेलरची गाडी मागं घेणंही जवळपास अशक्य, त्यामुळं कुठंही वळण्याआधी 'बाहेर कशी पडणार' याचा विचार करावा लागतो. बाजूनं जाणाऱ्या ट्रकवाल्यांशी रेडिओवर चाळीस नंबरच्या चॅनेलवर बोलत राहायचं, पुढं काम चाललंय, गुरं आहेत, अमुक ठिकाणी पाणी आलंय, असं.

तिची खेप टुवूंबाहून माउंट आयझाची. साधारण सतराशे किलोमीटर. रोमा, ऑगाथेला, टॅम्बो, ब्लॅकॉल, लाँगरीच, विंटन, क्लॉन्करी, अशी गावं वाटेत लागतात. मधे तासन् तास एक घर दिसत नाही. पहिला मुक्काम बहुधा ब्लॅकॉलला, दुसऱ्या दिवशी माउंट आयझा, मग तसंच परत. चालकाच्या आसनामागंच झोपायला पलंग असतो. वाटेत पेट्रोलपंप, खाणावळ आणि न्हाणीघर एकाच ठिकाणी असलेली रोडहाउसं आहेत. ती घरून पोळ्या आणि सुकी भाजी करून नेते, लोणच्याची बरणी कायम गाडीत. उन्हाळ्यात अंगाची लाही होते, माशा सोडत नाहीत, पाठ धरते. आणि एका खेपेत तीन-चार रात्री मुलापासून लांब. हे सगळं तिनं मला लपवून ठेवलं नाही आणि मीही तुमच्यापासून लपवत नाही.

बायका या कामात आजच शिरल्यात असंही नाही बरं का! गाड्या जोडून नेण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात १९३४ पासून सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलिस स्प्रिंग्जच्या कर्ट जोहानसन या माणसानं मागचे ट्रेलर पुढच्याच्या चाकोरीतून बरोबर वळतील अशी जोडणी केली आणि गुरं वाहून न्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या काळात क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला टूट्स होल्झहायमर नावाची बाई केर्न्सहून वायपापर्यंत ट्रक नेत असे. रस्ता कच्चा, पावसाळ्यात नद्या आडव्या. आणि ती आठ मुलांची आई होती! १९९२ साली कामावर असतानाच अपघातात ती गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हेदर जोन्स यांनी आपल्या दोन लहान मुलींना ट्रकमध्येच बरोबर ठेवून गाडी चालवली आणि २०१४ साली बायकांना या कामाचं शिक्षण देणारी संस्था काढली. आणि लांब कशाला जा? आपल्या नंदुरबारला जन्मलेल्या योगिता रघुवंशी. वाणिज्य आणि कायद्याचं शिक्षण झालेलं. भोपाळला दिलेल्या. २००३ मध्ये पती गेले, पदरी दोन मुलं, आणि त्यांनी ट्रक हाती घेतला.

हे सगळं मी सासूबाईंना सांगून पाहिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आठ मुलांची आई गेलीच ना शेवटी?" यावर मी काय बोलणार?

आता ती मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात दुपारी अडीचच्या सुमारास नणंदेचा व्हिडिओ फोन आला. तिकडं संध्याकाळचे सात वाजले होते, गाडी ब्लॅकॉलला थांबली होती. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी नेहमीचे दोन प्रश्न विचारले. मग फोन परत देता देता थांबल्या आणि एकदम म्हणाल्या, "झोपतेस कधी गं तू?"

दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी कामाबद्दल काही विचारलं होतं. तिलाही ते कळलं असावं. तिनं काही न बोलता एक जाड वही कॅमेऱ्यासमोर धरली. "आई, हे बघ. माझ्या झोपेचीसुद्धा वही असते."

तिथं घरापासून शंभर किलोमीटरपेक्षा लांब जड गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला ही कामाची वही सरकारी नियमानं ठेवावी लागते. चोवीस तासांत बारा तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. सलग सात तास विश्रांती, तीही गाडी उभी करून. साडेपाच तासांच्या आत पंधरा मिनिटं थांबायचंच. आठवड्यात एकदा सलग चोवीस तास सुट्टी. कुठं थांबले, किती वाजता थांबले, किती वाजता निघाले, सगळं जागच्या जागी लिहायचं. रस्त्यात अधिकारी थांबवून वही मागतात आणि खोटं सापडलं तर मोठा दंड होतो. आणि एक गोष्ट मला फारच आवडली. काम म्हणजे नुसतं गाडी चालवणं नव्हे. डिझेल भरणं, गाडी तपासणं, धुणं, आणि माल चढत असताना नुसतं उभं राहून लक्ष ठेवणं, हे सगळं कामातच धरायचं!

सासूबाईंनी चष्मा लावून त्या वहीतल्या रेघा बराच वेळ पाहिल्या. "म्हणजे आज रात्री सात तास गाडी हलणार नाही?" "नाही आई. मालकानं सांगितलं तरी नाही." सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि उठून देवघरात गेल्या.

त्या गेल्यावर तिनं मला हळूच सांगितलं ते ऐकून माझे हातपाय गार पडले. (तिला विचारूनच लिहिते आहे. "माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," म्हणाली.) पहिल्याच वर्षी मुलाचा वाढदिवस होता. माउंट आयझाला माल चढायला तीन तास उशीर झाला. गाडीजवळ उभं राहून लक्ष ठेवलेले ते तीन तास तिनं वहीत 'विश्रांती' म्हणून लिहून टाकले, म्हणजे तेवढं जास्त चालवता येईल आणि वाढदिवसाला पोहोचता येईल. कुणी सांगितलं नव्हतं, आईच्या मायेनंच तिला फशी पाडलं. रात्री ब्लॅकॉलला न थांबता ती पुढं निघाली. मध्येच कडेच्या खडीचा खरखर आवाज झाला आणि ती दचकून जागी झाली. डावी चाकं डांबरावरून खाली उतरली होती. टॅम्बो गाव मागं पडलं होतं, पण ते कधी आलं नि कधी गेलं ते तिला आठवेना. डोळे उघडे ठेवून ती झोपली होती!

नशीब, तिनं घाबरून चाक फिरवलं नाही. हळूहळू वेग कमी केला, गाडी थांबवली आणि थरथरत बसून राहिली. मग सात तास झोपली. वाढदिवस चुकला. मुलगा दोन दिवस बोलला नाही. "वहिनी, त्या दिवसापासून मी वहीत एका मिनिटाचं खोटं लिहिलेलं नाही. झोप उधार ठेवता येत नाही गं, ती वसूल करून घेते. आपण निवडायचं ते फक्त पलंगावर की चाकावर एवढंच."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मला माझीच एक गोष्ट आठवत होती. ती मी ह्यांनासुद्धा सांगितली नव्हती. फेब्रुवारीतली. सकाळची शाळा, घरी आल्यावर स्वयंपाक, मग सहामाहीच्या वह्यांचा गठ्ठा. दूध तापत ठेवलं आणि टेबलाशी वह्या तपासत बसले. दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि मी लाल पेन हातात धरून झोपले होते. मुलगा क्लासहून आला, त्याला वास आला म्हणून त्यानं गॅस बंद करून खिडक्या उघडल्या. त्याला मी म्हटलं, "बाबांना सांगू नकोस." म्हणजे मीही वहीत खोटंच लिहिलं की नाही? माझ्या चाकाखाली खडी वाजली होती, आणि मी ती ऐकली नव्हती.

ऑस्ट्रेलियातल्याच ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या दोघांनी १९९७ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताचा नेम, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढळतो, असं त्यांना आढळलं. तिथं साध्या मोटारवाल्याला एवढ्या दारूवर पोलीस पकडतात. आता जरा बोटं मोजा. पहाटे पाचला उठलेली बाई रात्री दहाला ओटा पुसत असते, तेव्हा बरोबर सतरा तास झालेले असतात. आपल्याला कोण पकडणार? आणि त्यानंतर आपण उद्याचं दही लावतो, कडधान्य भिजवतो, गॅसचं बटण बंद केलं की नाही हे अर्धवट झोपेत आठवत बसतो.

म्हणून मी एक साधा उपाय केला आहे. तुम्हीही करून पाहा.

मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पानं घ्या आणि सात दिवस आपली वही लिहा. किती वाजता उठलो, किती वाजता पाठ टेकली, एवढंच. लिहिताना नणंदेचा नियम लक्षात ठेवा. कुकरच्या शिट्या मोजत उभं राहणं, दूधवाल्याची वाट बघणं, मुलाच्या अभ्यासाशेजारी बसणं हे सगळं काम आहे, विश्रांती नव्हे. टी.व्ही. बघत भाजी निवडली तर ते भाजी निवडणंच. खोटं लिहू नका, कारण ही वही बघायला दुसरं कुणी येणार नाही.

सात दिवसांनी वही घरातल्यांसमोर ठेवा. भांडू नका, नुसती ठेवा. माझ्या वहीत रोजची सलग झोप सव्वापाच तासांच्या वर कुठंच नव्हती. ह्यांनी ती दोनदा वाचली आणि सकाळचं दूध आणि पाणी भरणं आपल्याकडं घेतलं. रोज जमतं असं नाही, पण चार दिवस जमतं.

दुपारी निदान पंधरा मिनिटं, दार लावून, डोळे मिटून पडा. जांभया येत असतील तर गॅसवर काही ठेवून बसायचं नाही. बसायचं असेल तर गॅस बंद, गॅस चालू असेल तर उभं राहायचं, हा नियमच करून टाका. रात्री गॅसचं मुख्य बटण बंद करण्याचं काम घरात सर्वांत कमी दमलेल्याला द्या. आमच्याकडं ते मुलाला दिलंय, तो अभिमानानं करतो. आणि पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नसेल, तर डॉक्टरांकडं जाऊन रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. 'बाईच्या जातीला थकवा असायचाच' म्हणून सोडून देऊ नका.

नणंदेला मी बसवर परत जा असं सांगितलं नाही. ह्यांनाही तसं स्पष्ट सांगितलं. ते काम सोपं नाही, धोक्याचं आहे, आणि प्रत्येकीनं करावं असंही मी म्हणणार नाही. पण जिला आपली चूक कळली आणि जी वाढदिवस चुकवून सात तास झोपली, तिच्या हातात बासष्ट चाकं आहेत याची मला आता भीती वाटत नाही.

सासूबाईंना मी खडीची गोष्ट सांगितली नाही. ती सांगायची की नाही हे तिचं तिनं ठरवावं. पण परवा सोसायटीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमची धाकटी तिकडं वाहतूक खात्यात ना?" सासूबाई कैरीच्या डाळीची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "खात्यात कसली? ट्रक चालवते. तीन डब्यांचा." आणि घरी आल्यावर मला म्हणाल्या, "दुपारची जरा पडत जा गं. दार वाजलं तर मी बघेन."

तर मैत्रिणींनो, आपापल्या वह्यांत काय निघालं ते मला जरूर कळवा. बटाट्याचा किस पुढच्या आठवड्यात, नक्की!